जुनी केओटी (स्वयंपाकघराला दिली जाणारी ऑर्डरची चिठ्ठी) नेमकी कशी शोधावी?

प्रश्न: आमच्या उपाहारगृहातील बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये केओटी क्रमांक टाकल्यास वेगवेगळ्या दिवसांच्या अनेक ऑर्डरी एकत्र दिसतात, त्यामुळे ग्राहकाची तक्रार आल्यावर स्वयंपाकघरात नेमके काय कळवले गेले होते हे सांगता येत नाही. यावर उपाय काय?

उत्तर १: अनेक प्रणालींमध्ये केओटी क्रमांक रोज १ पासून सुरू होतो, म्हणून शोधात क्रमांकासोबत तारीख आणि टेबल क्रमांकही द्यावा. मात्र ही तारीख घड्याळाची नव्हे, तर व्यवसायदिनाची असावी, कारण रात्री १२ नंतर आलेली ऑर्डर हिशेबात आदल्या दिवसाचीच धरली जाऊ शकते. शोध फसतो तो बहुधा इथेच.

उत्तर २: त्याहून महत्त्वाचे म्हणजे, रद्द केलेला किंवा बदललेला पदार्थ मूळ नोंदीवरच दुरुस्त होत असेल, तर कोणताही शोध तुम्हाला खरे उत्तर देणार नाही. प्रत्येक बदलाची वेळ आणि तो करणाऱ्याचे नाव यांसह स्वतंत्र नोंद ठेवणारी प्रणालीच निवडावी, असा माझा आग्रह आहे.

प्रश्नकर्ता: आमच्याकडे नोंद थेट बदलते. विक्रेत्याकडे आजच विचारणा करतो. आभार.