नोल, सिसिंगहर्स्ट, मंक्स हाउस: लंडनहून, गाडीशिवाय

रानजाई
जूनअखेर लंडनमध्ये मुक्काम आहे. व्हिटा सॅकव्हिल-वेस्ट आणि व्हर्जिनिया वुल्फ या इंग्रज लेखिकांची घरं, बागा बघायच्या आहेत: सिसिंगहर्स्ट, नोल, मंक्स हाउस आणि जमलं तर व्हर्जिनियाची बहीण, चित्रकार व्हनेसा बेल हिचं चार्ल्सटन. हाताशी तीन दिवस आहेत, गाडी नाही. क्रम कसा लावावा? आणि सिसिंगहर्स्टची पांढरी बाग (पांढरी फुलं, राखाडी पानं) नेमकी कधी फुलते?

पिंपळपान
नोल आधी, सिसिंगहर्स्ट नंतर. हा क्रम उलटा करू नका. व्हिटाचा जन्म नोलचा, घराण्याच्या वाड्यातला, १८९२ मधला. एकुलतं एक अपत्य, पण मुलगी. म्हणून १९२८ मध्ये वडील गेल्यावर घर काकांकडे गेलं. त्याच वर्षी व्हर्जिनियाची 'ऑर्लँडो' ही व्हिटावर बेतलेली कादंबरी आली आणि निदान कागदावर तरी नोल व्हिटाला परत मिळालं. कादंबरीचं हस्तलिखित नोललाच आहे. पुढे १९३० मध्ये व्हिटा आणि तिचा नवरा हॅरॉल्ड निकल्सन यांनी सिसिंगहर्स्टचे पडके अवशेष विकत घेतले. नोलचा अवाढव्य पसारा डोळ्यांत साठवून गेलात की सिसिंगहर्स्टच्या विटांच्या मनोऱ्याचं व्हिटाला काय अप्रूप होतं ते कळतं.

दोन्ही ठिकाणं चेरिंग क्रॉसहून निघणाऱ्या एकाच रेल्वेमार्गावर येतात, तरीही एका दिवसात कोंबू नका. नोलसाठी सेव्हनओक्सला उतरा. तिथून सुमारे अडीच किलोमीटर, बराचसा चढ. सिसिंगहर्स्टसाठी पुढे स्टेपलहर्स्ट, मग ५ नंबरची बस सिसिंगहर्स्ट गावापर्यंत आणि शेवटचे दोनेक किलोमीटर पायी. घोळ होतो तो रविवारी, कारण बस फार कमी असतात. वारी शनिवारपर्यंत उरका आणि परतीच्या बसची वेळ आधी टिपून ठेवा.

मातीचा_वास
बागेबद्दल. पांढऱ्या बागेच्या मधोमध लोखंडी मांडवावर चढवलेला गुलाब आहे, रोझा मुलिगानी. तो बहुधा जुलैच्या पहिल्या आठवड्यात भरात येतो. बाकीचे जुने गुलाब मात्र वर्षातून एकदाच फुलतात, तेही जूनच्या उत्तरार्धात. दोन्हींची गाठ पडायची तर जूनचा अगदी शेवट धरा. २० जूनला गेलात तर मांडवावर नुसत्या कळ्या दिसायची शक्यता जास्त.

गुलाबांच्या बुडाशी जरूर वाका. हेझल नावाच्या झुडपाच्या लवचिक काठ्या कमानीसारख्या वाकवून दोन्ही टोकं जमिनीत रोवलेली असतात आणि गुलाबाच्या लांब फांद्या त्यांवर आडव्या बांधलेल्या असतात. फांदी उभी वाढली तर फुलं फक्त शेंड्याला येतात. आडवी केली की तिच्या लांबीभर डोळे फुटतात. सगळं झुडूप बुडापासून फुललेलं दिसतं ते यामुळे.

टूरच्या बसगाड्या दुपारी तीननंतर निघू लागतात. पांढऱ्या बागेत तेव्हा जा. उतरत्या उन्हातच ते पांढरे आणि राखाडी रंग वेगवेगळे कळतात. आधी मनोरा चढून घ्या. वरून हॅरॉल्डने आखलेल्या सरळ रेषा दिसतात आणि त्या रेषांत व्हिटाने केलेली दाटी. वाटेत तिची लिहायची खोली लागते.

ओहोटी
व्हर्जिनियाचं मंक्स हाउस आठवड्यातले मोजकेच दिवस उघडं असतं, त्यामुळे तिसरा दिवस आधी त्यावर बेता. व्हिक्टोरियाहून लुइस, तिथे सीफर्डची गाडी पकडून साउथीज. तिथून ऊझ नदीवरचा पूल ओलांडून रॉडमेल गाव सुमारे दोन किलोमीटर. याच नदीत १९४१ मध्ये व्हर्जिनियाने जीव दिला. तिची रक्षा घराच्या बागेत आहे. तिच्या झोपायच्या खोलीत घरातून जाता येत नाही, दार फक्त बागेत उघडतं. घर बघून परत फिरणाऱ्यांची ती खोली हमखास राहते. बागेच्या टोकाची लिहायची खोलीही चुकवू नका.

चार्ल्सटन त्याच दिवशी करायचं तर लुइसहून टॅक्सी ठरवा. तिथलं तिकीट वेळेचं असतं, मध्ये दीड-दोन तास हाताशी ठेवा.

रानजाई
खूप आभार! पाठीवरची सॅक आत चालते का?

पिंपळपान
पाठीवर नको. पोटाशी धरायला किंवा दाराशी ठेवायला सांगतात. चार्ल्सटनला तर दारं, भिंती, फर्निचर सगळं हाताने रंगवलेलं आहे. सॅक घासली की रंग जातो. टिपणं काढायला पेन्सिल न्या, पेनची शाई कापडावर पडली तर निघत नाही. फ्लॅशही नको. नोलच्या खोल्या मुद्दाम अंधाऱ्या ठेवलेल्या असतात, कारण जुनं कापड उजेडाने विरतं. आत शिरल्यावर दोन मिनिटं नुसतं उभं राहा, मग पडद्यांवरची वीण दिसू लागते.