खाद्य वाढवू नका, आधी चिलापी काढा

तळ्यात मासे उदंड दिसतात पण बोटभराच्या पुढे वाढत नाहीत, तर खाद्य वाढवू का, असं तुम्ही विचारलंय. कृपया वाढवू नका. त्याने माशांची संख्याच वाढेल.

तुमच्या तळ्यातला हा मासा म्हणजे चिलापी (तिलापिया). ती दोन-तीन महिन्यांतच अंडी घालायला लागते. मादी अंडी तोंडात उबवते, म्हणून पिल्लं भरपूर जगतात आणि तळं भरून जातं. एखादी हातात घेऊन बघा. डोकं आणि डोळे मोठे, अंग मात्र किडकिडीत. अशा इवल्याशा मादीच्या तोंडातही पिवळसर अंडी सापडतील. याचा अर्थ मासा लहान नाही, वयात आलेला पण उपाशी आहे.

बारीक आसाचं (छिद्रांचं) जाळं पुन्हा पुन्हा ओढून काढता येईल तितकी काढा. तळं एकदा पूर्ण कोरडं करता आलं तर फारच चांगलं, पण तळातली डबकीही आटू द्या. चार मासे उरले तरी सगळं परत पहिल्यापासून!

नंतर कटला, रोहू, मृगळ सोडा. हे साचलेल्या पाण्यात वीण घालत नाहीत, म्हणून संख्या तुमच्या हातात राहते. शिवाय कटला वरच्या थरात खातो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. बीज, म्हणजे सोडायची पिल्लं, बोटभर लांबीचंच घ्या. मरळ सोडायची घाई मात्र नको, तोंडात मावेल ते ती गिळते, तुमचं नवं बीजसुद्धा.

आणि पहाटे मासे वर येऊन तोंडं उघडताना दिसले तर त्या दिवशी खाद्य बंद ठेवून ताजं पाणी सोडा. प्राणवायू तेव्हाच सर्वांत कमी असतो.