पाचवीतल्या मुलाची सोमवारची पोटदुखी: 35 मिनिटांच्या तासात काय करावं?

अबोली_डिचोली: चौथीपर्यंत मराठी माध्यम, यंदा पाचवीला इंग्रजी. जूनपासून दर सोमवारी प्रार्थनेआधी या मुलाचं पोट दुखतं. डॉक्टरांना काही सापडलं नाही. शाळा फोन करते, आई येऊन घेऊन जाते. माझ्यासमोर मान खाली, काहीही विचारलं तरी कोंकणीत "खबर ना" (माहीत नाही). शाळेत समुपदेशनासाठी मला आठवड्याला एकच तास मिळतो. सीबीटी (विचार आणि वागणं बदलण्याची पद्धत), खेळ, की उपायकेंद्री पद्धत (कारणापेक्षा उपायावर भर)?

माडाचो_देंठ: पद्धत नंतर, आधी तो फोन थांबवा. पोट खरंच दुखतं, पण घरी गेल्यावर ते थांबतं, आणि मेंदू नेमकं तेवढंच शिकतो. ताप किंवा उलटी नसेल तर दहा मिनिटं पडू द्या, पाणी द्या, परत वर्गात. सुरुवातीला रडणं वाढेल. तेव्हाच कुणी कळवळून घरी पाठवलं, की जास्त रडलं तर सुटका होते हे पक्कं होतं. म्हणून मुख्याध्यापक, वर्गशिक्षिका आणि आई, तिघांशी आधीच ठरवून घ्या.

मग भीतीची शिडी, म्हणजे कमी भीतीच्या गोष्टीपासून जास्त भीतीच्या गोष्टीकडे पायरी-पायरीने जाणं. त्याच्यासारख्या मुलाला "0 ते 10 मध्ये किती" विचारून उपयोग नाही. कागदावर माड काढा, दहा खाचा, आणि पाडेली (नारळ पाडणारा) कुठवर चढला ते त्याला दाखवू द्या. भीती इंग्रजी वाचनाची असेल तर: तुम्हाला एक ओळ वाचून दाखवणं दुसऱ्या खाचेवर, मित्राला चौथ्या, बाकाजवळ उभं राहून सहाव्या, फळ्याजवळ नवव्या. भीती निम्म्यावर येईपर्यंत तीच पायरी पुन्हा पुन्हा. उडी मारलीत की शिडी मोडते.

शाणेपण_नको: गप्प मुलासमोर बसू नका, बाजूला बसा. "का" हा शब्द टाळा, त्याला तो जाब वाटतो. शरीराची बाह्यरेखा आणि तांबडा खडू द्या: दुखतं तिथे रंगव. कोंकणीत बोलला तर कोंकणीतच उत्तर द्या, समुपदेशन म्हणजे भाषेचा तास नव्हे. 35 मिनिटांतली शेवटची पाच आवरायला ठेवा, रडवेलं मूल थेट गणिताच्या तासाला जाऊ नये. आणि स्टाफरूमच्या कोपऱ्यात माती-बाहुल्या मांडून त्याला खेळोपचार म्हणू नये. त्याला तीच खोली, तीच वेळ आणि मध्ये कुणी न डोकावणं लागतं.

वाळपई_वाट: शिडी लावण्याआधी दोन गोष्टी. मराठी उताराही वाचायला द्या. तिथेही अडखळला तर प्रश्न माध्यमाचा नसून वाचनक्षमतेचा असू शकतो, मग मूल्यमापन करून घ्या. दुसरं, "कुणाला सांगणार नाही" असं वचन कधीच देऊ नका. छळाचं किंवा लैंगिक अत्याचाराचं कारण निघू शकतं. पोक्सो (मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांविरुद्धचा कायदा) 2012 च्या कलम 19 प्रमाणे लैंगिक गुन्ह्याची शंका आली तरी पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, पुरावा गोळा करणं तुमचं काम नाही. त्याचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवा, खोदून विचारू नका. मदतीला 1098 ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहेच.

अबोली_डिचोली: वेळापत्रक पाहिलं. सोमवारी पहिलाच तास इंग्रजी प्रकट वाचनाचा. मराठी उतारा मात्र तो घडाघडा वाचतो.

माडाचो_देंठ: मग टीचरना सांगा, त्याच्या वाट्याच्या दोन ओळी शुक्रवारीच देऊन ठेवा. सोमवारी तेवढ्याच वाचायच्या, त्याही बसूनच.