‘फॉल ट्रान्झिशन’ आणि ‘फॉल टर्नओव्हर’: मराठीत काय म्हणावं?

रानवारा
अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात, अटलांटाजवळच्या लेक लॅनिअर या धरणाच्या जलाशयावर बास मासेमारी करणाऱ्यांसाठी मराठीत माहिती लिहितोय. ‘फॉल ट्रान्झिशन’ला ‘शरद संक्रमण’ आणि ‘फॉल टर्नओव्हर’ला ‘उलाढाल’ चालेल का? की दोन्ही एकच? ‘क्रीक’ला खाडी आणि ‘बास’ला जिताडा लिहिलंय.

तंगूस
जिताडा काढा. तो आपल्या खाडीतला, वेगळ्या कुळातला. लॅनिअरमधले लार्जमाउथ आणि स्पॉटेड बास गोड्या पाण्यातले, सनफिश कुळातले. ‘बास’च ठेवा.

‘खाडी’ही नको. ठाण्याची क्रीक ही खाडी, कारण तिथे भरती-ओहोटी आहे. जॉर्जियातली क्रीक म्हणजे सरळ ओढा. धरणाचं पाणी ओढ्यात जिथवर शिरतं त्याला आपल्याकडे फुगवटा म्हणतात, तोच शब्द इथे चपखल बसतो. ‘पॉइंट’साठी ‘सोंड’ घ्या. डोंगराची सोंड पाण्याखाली उतरत जाते, ती हीच.

आता मुख्य मुद्दा. ट्रान्झिशन माशांचं असतं, टर्नओव्हर पाण्याचा. सप्टेंबरअखेरीपासून पृष्ठभागाचं पाणी ८० अंश फॅरनहाइटच्या खाली उतरू लागतं. पुढे ७५ ते ६० अंशांच्या दरम्यान थ्रेडफिन शॅड, म्हणजे हिलसा-तारलीच्या गोतातला छोटा मासा, झुंडीने ओढ्यांच्या फुगवट्यात आत आत सरकतो. बास त्याच्या मागावर. म्हणून ‘पानगळीतलं स्थलांतर’ म्हणा. ‘शरद’ म्हटलं की महाराष्ट्रातल्या वाचकाला ऑक्टोबरचा उकाडा आठवतो, आणि इथे तर सगळा खेळ पाणी थंडावण्याचा आहे.

लॅनिअरपुरती एक पुस्ती हवीच. तिथे ब्लूबॅक हेरिंग ही बासच्या खाण्यातली दुसरी मासळीही आहे, आणि ती सहसा मोकळं, खोल पाणी सोडत नाही. तिच्या मागे असलेले स्पॉटेड बास मुख्य जलाशयातल्या सोंडांवर आणि पाण्याखालच्या टेकाडांवरच राहतात. ‘सगळे बास ओढ्यात जातात’ असं लिहिलंत तर चूक होईल.

तळगाळ
‘उलाढाल’ वाचून दुकानाचा हिशेब डोळ्यांपुढे येतो. ‘पालट’मध्येही हवापालटाची छटा आहे. मला ‘थरमोड’ योग्य वाटतो, कारण घडतं नेमकं तेच. उन्हाळ्यात वर उबदार हलकं पाणी, तळाशी गार जड पाणी आणि मध्ये तापमान झपाट्याने उतरणारा पट्टा, थर्मोक्लाइन. तळाच्या पाण्याला हवा मिळत नाही आणि कुजणारा गाळ तिथला प्राणवायू खाऊन टाकतो. पानगळीत वरचं पाणी गार होऊन जड होतं, खाली बसतं आणि मधला पट्टा झिजवत नेतं. वर-खाली तापमान सारखं झालं की वारा सगळं तळापर्यंत मिसळतो. ‘पाणी ४ अंश सेल्सिअसला आलं की टर्नओव्हर’ हे वाक्य थंड प्रदेशातल्या तळ्यांचं आहे. जॉर्जियात त्याच्या कितीतरी आधी थर मोडतात. तरी लॅनिअर खोल आहे, त्यामुळे तिथे हे बहुधा नोव्हेंबर-डिसेंबरात घडतं. स्थलांतर त्याआधीच सुरू झालेलं असतं. म्हणूनच दोन्हींना एक शब्द वापरू नये.

खुणा: सडक्या अंड्यांसारखा वास, न फुटणारा फेस, तळातून वर आलेला काळा पालापाचोळा, हिरवट-तपकिरी पाणी. फिश फाइंडरच्या (पाण्याखालचं दाखवणाऱ्या सोनार यंत्राच्या) स्क्रीनवरची थर्मोक्लाइनची धूसर रेघ नाहीशी होते. लॅनिअरच्या ब्यूफर्ड धरणाखाली चॅटाहूची नदीही याच सुमारास गढुळते, कारण तळाच्या पाण्यातलं लोह आणि मँगनीज खाली येतं.

तंगूस
‘थरमोड’ मान्य. मग पुढचं वाक्यही त्याला धरून लिहा: थरमोड चालू असलेल्या खोल पाण्यात वेळ घालवू नये, फुगवट्याच्या शेवटाकडे जावं. तिथे पाणी उथळ, थर मुळात कच्चे, त्यामुळे ते आधी मोडतात आणि पाणी आधी निवळतं.

तिथे ३ ते ५ फूट बुडणारा स्क्वेअरबिल क्रँकबेट (चौकोनी ओठाचा, ओढला की बुडी मारणारा नकली मासा) किंवा १० ग्रॅमचा स्पिनरबेट (फिरत्या चकचकीत पात्याचं आमिष), पांढरा वा चंदेरी. आमिष शॅडच्याच मापाचं हवं, दोन-तीन इंच. मोठं असलं तर बास मागे येतो आणि तोंड न लावता वळतो. क्रँकबेटला तंगूस (गळाची दोरी) १२ ते १५ पौंडी फ्लुरोकार्बन. पृष्ठभागावर चालवायच्या आमिषाला मात्र साधा नायलॉन, कारण फ्लुरोकार्बन बुडतो आणि आमिषाचं नाक खाली ओढतो. क्रँकबेट बुडालेल्या बुंध्यावर आपटला की रीळ क्षणभर थांबवा. आमिष तरंगत वर येऊ लागतं आणि बहुतेक वेळा बास तेव्हाच घेतो. घाबरून जोरात रीळ फिरवलं की गळ लाकडात रुततो.

शॅड पाण्यावर टिचक्या मारताना दिसत नसतील, स्क्रीनवरही नसतील, तर ओढा कितीही देखणा असो, पुढच्या ओढ्यात जा. धरणाची पातळी उतरत असेल तर बास उथळ सपाटी सोडून बुडालेल्या ओढ्याच्या पात्राच्या कडेला येतात. तेव्हा काठाकडे नाही, त्या कडेला समांतर फेका.

रानवारा
मग असं लिहितो: ‘पानगळीतल्या स्थलांतरात शॅडमागे फुगवट्यात चला, थरमोड झाल्यावर मुख्य जलाशय सोडा.’

तळगाळ
‘झाल्यावर’ नाही, ‘चालू असताना’. थर पूर्ण मोडून पाणी निवळलं की तळापर्यंत प्राणवायू पोचतो आणि खोल पाणी बासला पुन्हा मोकळं होतं.