मदत हवी आहे: होरायझन युरोपच्या प्रकल्पात सही करण्याआधी छोट्या कंपनीने काय पाहावं?

शिवार

नमस्कार मंडळी,

पोस्ट लांबणार आहे, सांभाळून घ्या. होरायझन युरोप म्हणजे युरोपीय संघाची संशोधनाला निधी देणारी योजना. तिच्यातल्या आमच्या प्रकल्पाच्या सहीला तीन आठवडे उरलेत आणि इथल्या बऱ्याच जणांनी युरोपातल्या संशोधन प्रकल्पांत काम केलंय हे जुन्या धाग्यांवरून कळलं, म्हणून विचारते आहे.

आमची नऊ जणांची कंपनी आहे, नेदरलँड्समध्ये डेल्फ्टला. बाजूलाच वेस्टलँड, म्हणजे मैलोन्‌मैल काचघरं. तिथे टोमॅटोच्या पिकात पांढरी माशी आणि फुलकिडे यांच्यावर लक्ष ठेवायला पिवळे चिकट सापळे टांगतात. नारायणगावला आमच्या शेतात वडील लावायचे तेच. हे सापळे कुणीतरी एकेक करून बघायचे, माश्या मोजायच्या, वहीत लिहायच्या. आम्ही ती मोजणी कॅमेऱ्यावर आणली. काचघरात दोन ओळींच्या मधून गरम पाण्याचे पाइप जमिनीलगत गेलेले असतात आणि तेच कामाच्या गाडीचे रूळ असतात. आमचा कॅमेरा त्या गाडीवर बसतो. गाडी पुढे सरकते, सापळ्याचा फोटो निघतो, आकडा शेतकऱ्याच्या फोनवर जातो. दिसायला सोपं आहे, पण फुलकिडा आणि धुळीचा कण यांतला फरक यंत्राला शिकवायला आम्हाला चार वर्षं लागली.

गेल्या वर्षी एका विद्यापीठाने आम्हाला त्यांच्या प्रपोजलमध्ये घेतलं. सात देशांतले अकरा भागीदार, तीन वर्षांचा प्रकल्प, १५ पैकी १३.५ गुण मिळाले आणि निवड झाली. ज्या दिवशी कळलं त्या दिवशी ऑफिसात सगळ्यांनी पेढे खाल्ले. आता ग्रँट अ‍ॅग्रीमेंटची (युरोपीय आयोगाशी होणारा निधीचा करार) तयारी चालू आहे आणि खरी काळजी आत्ता लागली आहे.

आमचा हिशोब असा. प्रत्यक्ष खर्च ३,२०,००० युरो, त्यावर नियमाप्रमाणे २५ टक्के अप्रत्यक्ष खर्च म्हणजे ८०,०००, एकूण ४,००,०००. प्रकल्प ‘इनोव्हेशन अ‍ॅक्शन’ प्रकारातला असल्याने नफ्यासाठी चालणाऱ्या कंपनीला ७० टक्केच मिळतात, म्हणजे २,८०,०००. विद्यापीठांना मात्र त्याच प्रकल्पात १०० टक्के. उरलेले १,२०,००० आम्ही स्वतःचे घालायचे. हे प्रपोजलच्या वेळी माहीत होतं आणि मान्यही होतं, कारण इटली आणि स्पेनमधल्या काचघरांतले फोटो आम्हाला एरवी मिळाले नसते.

पण दोन आठवड्यांपूर्वी एक भागीदार कंपनी बाहेर पडली. डेटा एकत्र करण्याचं दहा पर्सन मंथचं (एका माणसाचं दहा महिन्यांचं) काम त्यांच्याकडे होतं. कोऑर्डिनेटर, म्हणजे प्रकल्प चालवणारे मुख्य भागीदार, म्हणतात की ते काम तुम्ही घ्या, बजेट मात्र चार पर्सन मंथचंच देता येईल, बाकीचं दुसरीकडे लागणार आहे. फोनवर बोलणं गोड आहे, लेखी काही नाही.

दुसरं म्हणजे हा प्रकल्प लम्प समचा आहे. वर्क पॅकेज (कामांचा एक ठरलेला गट) पूर्ण झालं की ठरलेली रक्कम, नाही झालं तर त्या टप्प्याला काही नाही. आम्ही ज्या वर्क पॅकेजचे प्रमुख आहोत ते पहिल्या महिन्यापासून छत्तिसाव्या महिन्यापर्यंत चालतं आणि त्यात आणखी तीन भागीदार आहेत. त्यातल्या एकाने दुसऱ्या हंगामाच्या चाचण्या केल्या नाहीत तर आमचेही पैसे अडकणार का? नऊ जणांचे पगार दर महिन्याच्या २५ तारखेला जातात.

आणि कन्सॉर्शियम अ‍ॅग्रीमेंटमध्ये (भागीदारांचा आपसातला करार) बॅकग्राउंडची, म्हणजे प्रकल्पाआधीपासून आमच्याकडे असलेल्या तंत्रज्ञानाची, यादी मागितली आहे. कंपनीतला माझा डच भागीदार म्हणतो, लिहून टाकू ‘सापळे मोजण्याचं सॉफ्टवेअर’. मला ते फार मोघम वाटतं. आमच्याकडे विकण्यासारखं तेवढंच आहे.

मी घाबरते आहे याला कारण आहे. आधीच्या एका प्रकल्पात, तेव्हा झालेल्या खर्चाचा हिशोब दाखवून पैसे मिळण्याची पद्धत होती, आमच्या एका सहकाऱ्याच्या टाइमशीटवर दिवाळीच्या आठवड्यात रोज आठ तास लागले होते. तो त्या आठवड्यात साताऱ्याला घरी होता. मुद्दाम कुणी केलं नव्हतं, महिनाअखेरीला मागच्या महिन्याची शीट पुढे ओढली गेली आणि सही माझी होती. तपासणीत रजेची नोंद आणि शीट शेजारी शेजारी ठेवली गेली. ते पाच दिवस तर कापलेच, पण त्याच्या सगळ्या महिन्यांची शीट पुन्हा मागवली. तो कागद टेबलावर ठेवून समोरच्या बाईंनी मला शांतपणे विचारलं होतं, ‘ही सही तुमचीच ना?’ त्याच प्रकल्पात कोऑर्डिनेटरकडे आलेला हप्ता आमच्यापर्यंत यायला चार महिने लागले होते. त्या काळात आम्ही दोघा मालकांनी पगार घेतला नाही.

तर जाणकारांनी कृपया सांगावं: जादाचं काम घ्यावं का, वर्क पॅकेजचं काय करता येतं, आणि बॅकग्राउंडमध्ये काय लिहावं?

---

वाटसरू

ताई, आधी अभिनंदन. या योजनेत १३.५ गुण म्हणजे चांगलं काम आहे.

वर्क पॅकेजचं आधी सांगतो, कारण ते आत्ताच दुरुस्त होऊ शकतं. लम्प सममध्ये छत्तीस महिन्यांचं एकच वर्क पॅकेज ठेवणं छोट्या कंपनीला परवडत नाही. लांबलचक कामं रिपोर्टिंग पिरियडप्रमाणे (अहवाल देऊन पैसे मागण्याचे टप्पे) तोडायला परवानगी आहे. तुमचे पिरियड अठरा-अठरा महिन्यांचे असतील तर पहिला हंगाम एका वर्क पॅकेजमध्ये, दुसरा हंगाम दुसऱ्यात. मग पहिल्या अठरा महिन्यांनंतर पहिलं पूर्ण म्हणून दाखवता येतं आणि त्याची रक्कम दुसऱ्या हंगामाच्या भानगडीत अडकत नाही.

तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर: हो, एकाने काम केलं नाही तर वर्क पॅकेज अपूर्ण राहतं आणि त्यातल्या सगळ्यांचाच त्या टप्प्याचा हिस्सा थांबतो. मात्र तो बुडत नाही. पुढच्या पिरियडमध्ये पूर्ण झालं तर तेव्हा मिळतो, आणि प्रकल्प संपतानाही अपूर्ण राहिलं तर जितकं झालं त्या प्रमाणात देतात. आणखी एक, पैसे काम केल्याचे मिळतात, निकाल चांगला आला याचे नाही. फुलकिडे ओळखण्यात तुमचा कॅमेरा इटलीत कमी पडला तरी, चाचणी ठरल्याप्रमाणे केली आणि अहवाल दिला, तर वर्क पॅकेज पूर्ण. डिलिव्हरेबलची (प्रकल्पात पूर्ण करून द्यायच्या गोष्टींची) भाषा लिहिताना हे डोक्यात ठेवा. ‘९५ टक्के अचूकता गाठली’ असं लिहू नका, ‘दोन हंगामांच्या चाचण्या आणि त्यांचं मूल्यमापन’ असं लिहा.

टाइमशीटचा घोर लम्प सममध्ये तेवढा नाही. आयोग तुमच्या खर्चाचा हिशोब मागत नाही. तांत्रिक तपासणी मात्र होते, म्हणून काम झाल्याचा पुरावा जपा: फोटोंच्या तारखा, बैठकांच्या नोंदी, कोडचा इतिहास.

---

गणिती

वाटसरूंशी सहमत, एक भर घालतो. टाइमशीट बंद करू नका. नेदरलँड्समध्ये डब्ल्यूबीएसओ (संशोधनावरची डच करसवलत) घेत असाल तर तासांची नोंद तशीही ठेवावीच लागते. शिवाय तुमचा खरा खर्च किती झाला हे तुम्हालाच कळायला हवं, नाहीतर पुढच्या प्रपोजलला आकडे कुठून आणणार?

पैशांकडे वळतो. २,८०,००० मधले ५ टक्के, म्हणजे १४,०००, सुरुवातीच्या हप्त्यातूनच सामाईक विमा निधीकडे जातात आणि प्रकल्प मिटल्यावर परत येतात. शिवाय आगाऊ आणि मधले हप्ते मिळून साधारण ९० टक्क्यांच्या वर जात नाहीत. म्हणजे शेवटचे २८,००० अंतिम अहवाल मंजूर झाल्यावरच. प्रकल्प छत्तिसाव्या महिन्याला संपला तरी तो पैसा त्यानंतर बरेच महिने हातात नसतो, आणि माणसांचे पगार मात्र तुम्ही आधीच दिलेले असतात. हे सगळं तुमच्या १,२०,००० च्या वर आहे. एका तक्त्यात महिनावार मांडा आणि पैशांचा सर्वांत खोल खड्डा कुठल्या महिन्यात पडतो ते बघा. बँकेशी त्या महिन्याबद्दल आत्ताच बोला.

आगाऊ रक्कम बँकेत दिसली की माणसं नेमायचा मोह होतो. तो पैसा अजून तुमचा नसतो. वहीत ते देणं म्हणून दाखवा.

कोऑर्डिनेटरने पैसे विनाकारण अडवू नयेत असं ग्रँट अ‍ॅग्रीमेंट सांगतं, पण दिवसांचा आकडा देत नाही. तो कन्सॉर्शियम अ‍ॅग्रीमेंटमध्ये घालून घ्या. आम्ही तीस दिवस लिहून घेतले होते.

---

अक्षांश

थोडं अवांतर विचारतो. माझी पुण्यात सेन्सरची छोटी कंपनी आहे. अशा प्रकल्पात आम्हाला येता येईल का? शिवारताईंना बाहेर पडलेल्या भागीदाराच्या जागी कुणी हवं असेल तर आनंदच आहे.

---

वाटसरू

@अक्षांश, यायला मनाई नाही, पण भारतातल्या संस्थेला आपोआप निधी मिळत नाही. स्वतःचा पैसा किंवा आपल्याकडच्या एखाद्या सरकारी योजनेची जोड लागते. निधी न घेणारा ‘असोसिएटेड पार्टनर’ म्हणून बरेच जण येतात. शिवाय किमान तीन वेगवेगळ्या देशांतल्या तीन स्वतंत्र संस्था, त्यातली निदान एक युरोपीय संघातली, हा आकडा मोजताना तुम्हाला धरत नाहीत. ब्रिटन मात्र २०२४ पासून सहभागी देश आहे, तिथे कंपनी असती तर गोष्ट वेगळी. याचा वेगळा धागा काढा, इथे शिवारताईंचं राहू द्या.

---

उंबरठा

मी कराराची बाजू बघते (वकील नाही, पण दहा-बारा कन्सॉर्शियम अ‍ॅग्रीमेंट्स वाचून त्यांत दुरुस्त्या केल्या आहेत).

बॅकग्राउंडची यादी हा तुमच्यासाठी या सगळ्यातला सर्वांत महत्त्वाचा कागद आहे, आणि लोक तो शेवटच्या दिवशी भरतात. तुमचा मसुदा देस्काचा (अशा करारांचा तयार नमुना) असेल, बहुतेकांचा असतो. त्यात नियम सरळ आहे: यादीत जे आहे त्यावरच इतरांना वापराचा हक्क मागता येतो, जे नाही त्यावर नाही. ‘सापळे मोजण्याचं सॉफ्टवेअर’ असं लिहिलंत तर त्यात सगळंच आलं. पांढरी माशी आणि फुलकिडे मोजणाऱ्या मॉडेलची अमुक आवृत्ती, फक्त एपीआयमधून (कोड न बघता, बाहेरून) वापर, असं लिहा. त्याच तक्त्यात मर्यादांचा रकाना असतो. तिथे प्रशिक्षणासाठी वापरलेले फोटो आणि सोर्स कोड वगळल्याचं स्पष्ट लिहा. देस्कामध्ये सॉफ्टवेअरवरच्या हक्कात सोर्स कोड आपोआप येत नाही, तरी लिहाच. वाद होतो तेव्हा समोरचा तुमचा तक्ता उघडतो, मॉडेल करार नाही.

प्रकल्पाच्या कामासाठी बॅकग्राउंड फुकट द्यावं लागतं. पुढे धंद्यासाठी कुणी मागितलं तर रास्त अटींवर. त्याची मुदत बहुधा प्रकल्पानंतर वर्षभर.

यापेक्षा मला इटली-स्पेनच्या फोटोंची काळजी वाटते. ते फोटो तिथल्या भागीदाराने काढले आणि त्यात कुठला किडा कुठे आहे याच्या खुणा तुमच्या लोकांनी लावल्या, तर तो निकाल दोघांचा. देस्काच्या नेहमीच्या कलमात संयुक्त मालकाला धंद्यासाठी वापर करता येतो, पण दुसऱ्याला ४५ दिवस आधी कळवून आणि रास्त मोबदला देऊन. तुम्ही त्याच फोटोंवर मॉडेल घडवून विकणार आहात. तेव्हा फोटो कुणाचे, खुणा कुणाच्या, त्यावर घडलेलं मॉडेल कुणाचं, हे आत्ताच तीन ओळींत लिहून घ्या.

जादाच्या कामाबद्दल: दहाचं काम चारमध्ये घेऊ नका. तांत्रिक जबाबदारी सर्व भागीदारांची मिळून असते हे खरं, कुणी सोडून गेलं तर काम कुणीतरी पुरं करायचं असतं. पण ते कोणी आणि किती पैशांत, हे कन्सॉर्शियमने ठरवायचं असतं, ते सर्वांत छोट्या भागीदारावर फोनवरून टाकायचं नसतं. बाहेर गेलेल्याचा वाटा कुठे चालला आहे याचा तक्ता सर्व भागीदारांना पाठवायला सांगा. तोंडी काही कबूल केलं असेल तर ते आज ईमेलवर सौम्य शब्दांत मागे घ्या.

---

शिवार

सर्वांचे मनापासून आभार. आज दिवसभर यातच होते, म्हणून उत्तराला उशीर झाला.

सकाळी ईमेल पाठवला. वाक्यं मोजून मापून लिहिली: काम करायला आम्ही तयार आहोत, दहा पर्सन मंथ लागतील, चारमध्ये फक्त काचघरांचा डेटा एका स्वरूपात आणण्याचा भाग करू शकतो, उरलेला कोण करणार ते सगळ्यांना कळवावं. सोबत वर्क पॅकेज हंगामाप्रमाणे तोडण्याचा प्रस्ताव जोडला. दुपारी स्पेनच्या भागीदाराचा फोन आला. त्यांनाही तेच काम तीन पर्सन मंथमध्ये विचारलं होतं! आम्हा दोघांनाही एकमेकांचं माहीत नव्हतं. आता शुक्रवारी सर्व भागीदारांची बैठक लागली आहे.

गणिती, तक्ता मांडला. खड्डा एकतिसाव्या महिन्यात पडतो, सुमारे ६०,००० युरोंचा. मी तो शेवटी पडेल असं धरून चालले होते. पुढच्या मंगळवारी बँकेत जाते आहे.

उंबरठा, तुमचा फोटोंचा मुद्दा मी रात्री माझ्या डच भागीदाराला वाचून दाखवला. तो बराच वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, ‘मग हे आधी.’ एकच विचारायचं राहिलं: खुणा लावायला आम्ही दोन विद्यार्थी तासांवर घेणार आहोत. त्यांच्या कामाचा हक्क कंपनीकडे येतो हे वेगळ्या करारात लिहावं लागेल का, की नेमणुकीच्या पत्रात एक कलम पुरेल?