मदत हवी आहे : डब्ल्यूडीएम-२ च्या मॉडेलमधून इंजिनाऐवजी शिवणयंत्राचा आवाज येतो

निळे_डबे :
माझ्याकडे भारतीय रेल्वेच्या डब्ल्यूडीएम-२ या डिझेल इंजिनाचे एचओ मापाचे छोटे मॉडेल आहे. त्यात गेल्या आठवड्यात साउंड डिकोडर (रुळांतून येणाऱ्या आज्ञांनुसार इंजिनाचा आवाज काढणारे लहान सर्किट) बसवला. ध्वनिफाइल अल्कोचीच (डब्ल्यूडीएम-२ चा मूळ आराखडा करणारी अमेरिकी कंपनी) आहे, तरीही बारीक किरकिर ऐकू येते आणि आवाज वाढवला की तो फाटतो. शिवाय सांध्यावरून (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते त्या जागेवरून) जाताना इंजिन मध्येच गप्प होते व पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. रविवारी भाचे येणार आहेत, तेव्हा कृपया लवकर सांगावे. डिकोडर नवाच आहे, त्याविषयी विचारू नये.

खडीवाला :
नेमके तेच विचारावे लागेल. डिकोडर कोणता, स्पीकर किती ओहमचा, आणि तो कशात बसवला आहे? लोकसाउंड ३.५ या जुन्या डिकोडरला १०० ओहमचा स्पीकर लागत असे. त्याला आजचा ८ ओहमचा जोडला, तर ॲम्प्लिफायरच जळायचा.

निळे_डबे :
लोकसाउंड ५. स्पीकर ८ ओहम, ११ × १५ मिमी. कॅबमागे दुहेरी चिकटपट्टीने चिकटवला आहे. आता उत्तर मिळेल का?

घाटचढण :
फाइल अल्कोची असली, तरी ध्वनिमुद्रण अमेरिकेतल्या इंजिनाचे असेल, तर हॉर्न तिकडचाच वाजणार आणि घंटाही वाजणार. आपल्या डिझेलवर घंटा कुठे असते? आधी लोकप्रोग्रॅमर (डिकोडरमधले आवाज बदलण्याचे उपकरण) घेऊन हॉर्न बदला.

खडीवाला :
घाटचढण, त्यांचा हॉर्नविषयी प्रश्नच नाही.

रूळाखालचा :
मूळ अडचण स्पीकरच्या आकाराची आहे. खरे डब्ल्यूडीएम-२ उभे असताना मिनिटाला ४०० फेरे घेते. सोळा सिलिंडर आणि फोर-स्ट्रोक, म्हणजे प्रत्येक फेऱ्यात आठ स्फोट, सेकंदाला सुमारे ५३. एवढा खोल स्वर नखाएवढ्या स्पीकरमधून निघणे शक्य नाही. म्हणून मी मोठा स्पीकर रूळ मांडलेल्या फळीखाली लावला आहे. खर्जाची दिशा कानाला कळत नाही, त्यामुळे घुमणे गाडीतूनच येते असे वाटते.

खडीवाला :
हा हिशेब मान्य, परंतु वरचे स्वर स्वच्छ आले तर खालचा स्वर कान स्वतःच भरून काढतो. येथे तेही येत नाहीत, कारण स्पीकर उघडा आहे. पडद्याच्या पुढच्या व मागच्या बाजूच्या हवेच्या लाटा एकमेकींना खोडतात आणि खर्ज सर्वांत आधी जातो. मागे हवाबंद पेटी हवीच. निळे_डबे, स्पीकरसोबत प्लॅस्टिकची लहान पेटी आली होती ना?

रूळाखालचा :
पेटीने थोडा फरक पडेल, पण जमीन हादरल्यासारखे वाटणार नाही.

खडीवाला :
ते वाटावे तरी कशाला? एचओचे प्रमाण १:८७ आहे. एक मीटरवरून पाहणारा माणूस खऱ्या गाडीपासून ८७ मीटर दूर उभा असतो. निळे_डबे, सीव्ही ६३ (डिकोडरमधली एकूण आवाजाची सेटिंग) खाली आणा, आवाज फाटणेही थांबेल.

निळे_डबे :
पेटी आली होती. कवच बसेना म्हणून फेकून दिली.

खडीवाला :
हे पहिल्याच संदेशात लिहायला हवे होते! एक मिलिमीटर जाडीच्या प्लॅस्टिक पत्र्याची पेटी करून सर्व सांधे डिंकाने बुजवा, टाचणीएवढीही फट ठेवू नका.

वाफेचा_भोंगा :
मी धूर सोडणारे यंत्र बसवले आहे. फार सुंदर दिसते.

घाटचढण :
अल्कोचा काळा धूर त्या यंत्रातून निघत नाही.

निळे_डबे :
पेटी केली. आवाज निम्म्यावर आणूनही भरदार येतो, हे खरोखर अनपेक्षित होते. सांध्यावर मात्र अजून बंद पडते.

खडीवाला :
सांध्याचा मधला भाग प्लॅस्टिकचा असेल, तर तेथे चाकांना वीज मिळत नाही आणि डिकोडर नव्याने सुरू होतो. चाके व रूळ पुसा. तेवढ्याने भागले नाही, तर डिकोडरला कपॅसिटरचा संच जोडा, तो क्षणभर वीज पुरवतो.

निळे_डबे :
पेटीने सगळी जागा घेतली आहे.

खडीवाला :
मग कपॅसिटर ठेवायला मॉडेलची खालची इंधनटाकी पोकळ आहे का?

निळे_डबे :
तिच्यात वजनासाठी लोखंडी तुकडा आहे. तो काढला तर चाके घसरतील ना?