परिवलन की परिभ्रमण?

रामबागवाली, इंदूर: कोजागरीला मुलांसाठी चंद्राचा फलक करतेय. हाती हिंदी मजकूर आहे: 'चंद्रमा का परिभ्रमण काल और परिक्रमण काल समान है.' मी 'परिभ्रमण' तसंच उचललं, स्वतःभोवती फिरणं या अर्थी. पुण्याच्या वहिनींनी फोटो बघितला आणि लगेच फोन: "अगं, उलटं झालंय! स्वतःभोवती ते परिवलन, पृथ्वीभोवती ते परिभ्रमण." माझं शिक्षण सगळं हिंदीतून. माझ्या कानाला परिभ्रमण म्हणजे दिवसरात्र घडवणारी गती. काय लिहू?

पुणेकर: वहिनींचं बरोबर. वल् धातू, त्यावरून आपलं वळणं, वळण. जागच्या जागी वळतं ते परिवलन. भ्रमण म्हणजे हिंडणं. जागेवर उभं राहून कोणी हिंडत नाही. परिभाषेत सैलपणा नको.

लष्करवाले, ग्वाल्हेर: मग भोवऱ्याचं काय? तो भ्रमरावरून आला, म्हणजे भ्रम् धातूच, आणि फिरतो जागच्या जागी. भोवळही त्याच घरातली. हिंदीवाले चुकलेले नाहीत.

आमच्या आजीकडे दोन्हींना एकच शब्द होता, प्रदक्षिणा. देवळाभोवती घालायची ती, आणि आरतीनंतर हात जोडून स्वतःभोवती फिरायचं तीही. मला हाच शब्द कामी आला. चंद्राची एकच बाजू दिसते म्हणजे तो स्वतःभोवती फिरतच नाही, असा भाच्याचा हट्ट. त्याला तुळशीभोवती फिरवलं, उजवा खांदा सतत तुळशीकडे. निघाला तेव्हा तोंड फाटकाकडे होतं, अर्ध्या फेरीत विहिरीकडे, फेरी संपली तेव्हा परत फाटकाकडे. तुळशीला एक फेरी होईतो त्याची स्वतःची गिरकीही पुरी झाली होती. चंद्राला दोन्हींसाठी 27.3 दिवस लागतात.

जुनी इंदूर: पण पौर्णिमा ते पौर्णिमा साडेएकोणतीस दिवस होतात ना?

लष्करवाले, ग्वाल्हेर: होतात. तेवढ्यात पृथ्वी सूर्याभोवती पुढे सरकलेली असते. सूर्याच्या बरोबर समोर यायला चंद्राला आणखी दोनेक दिवस चालावं लागतं.

पुणेकर: तुळशीचं उदाहरण मुलांना नक्की सांगा, पण शब्द प्रदक्षिणा नको. प्रदक्षिणेत देव उजव्या हाताला. उत्तरेच्या बाजूने पाहिलं तर चंद्र घड्याळाच्या काट्यांच्या उलट जातो, पृथ्वी त्याच्या डाव्या हाताला राहते. ही अप्रदक्षिणा झाली.

जुनी इंदूर: आणि 'एकच बाजू' हेही तंतोतंत नाही. गिरकीचा वेग कायम सारखा, पण कक्षा लंबवर्तुळाकार, त्यामुळे पृथ्वीजवळ असताना तो भरभर सरकतो, लांब असताना रेंगाळतो. दोन्हींचा मेळ थोडा थोडा चुकतो आणि कडेपलीकडचंही दिसतं. चंद्र जरासा कललेलाही आहे. सगळं धरून 59 टक्के पृष्ठभाग आपण पाहू शकतो. याला मी डुलणं म्हणते. फलकावर हे यायलाच हवं.

बडोदेकर: आमच्याकडे मुलांच्या गुजराती पुस्तकात भौतिकशास्त्रात 'चाकगति' आहे. वाचताक्षणी कुंभाराचं चाक डोळ्यांपुढे येतं. मराठीत 'परिवलन' वाचून कुठल्या मुलाच्या डोळ्यांपुढे काय येतं?

पुणेकर: शिकवलं की येतं. गुरुत्वाकर्षण हा शब्द तरी कोण पोटातून शिकून येतं?

रामबागवाली, इंदूर: सगळं वाचलं. तुळशीचं मी करून पाहिलं, खरंच गिरकी होते! पण फलकाचं सांगा, रंगवणारा उद्या सकाळी येतोय.

लष्करवाले, ग्वाल्हेर: बडोदेकर, तुमच्याकडे भोवऱ्याला काय म्हणतात?

बडोदेकर: भमरडो.

लष्करवाले, ग्वाल्हेर: बघा पुणेकर, तिथेही भ्रमरच!